'डिस्क पूल'मधला पूल कुठला?

बॅकअप सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. 'डिस्क पूल' तसाच ठेवला होता, तर तपासणाऱ्यांनी समासात लिहिलं, "नदी कुठे आहे?" 'पूल भरत आला आहे' हे खरंच विचित्र दिसतं. काय लिहू? साठा, संचय, हौद?

—

हौद नको. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, लिहायला फक्त सारखे. पाण्याचा पूल तिथलाच जुना. सगळ्यांनी मिळून टाकलेल्या पैशांचा पूल फ्रेंचमधून आला. पत्त्यांच्या डावात मध्ये ठेवलेली रक्कम, आणि त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ चक्क कोंबडी! कारपूल, स्टोरेज पूल हे या कोंबडीच्या वंशातले. प्रत्येक डिस्कने आपली जागा वर्गणीसारखी टाकायची, मग कुणाची किती हे वापरणाऱ्याने विचारायचं नाही. म्हणून 'सामायिक साठा'.

—

पटलं. पण माझ्या पुस्तिकेत रात्रीचा बॅकअप आधी डिस्क पूलमध्ये पडतो. पूल ९० टक्के भरला की आतला डेटा टेपच्या पूलमध्ये जायला लागतो आणि ७० टक्क्यांवर उतरला की थांबतो. हा हौदच झाला ना?

—

हे आयबीएमचं टीएसएम नावाचं बॅकअप सॉफ्टवेअर दिसतंय, ९० आणि ७० हे त्याचे मूळचे, कुणी न बदललेले आकडे. तिथे हौद खरंच शोभतो. पण तोच शब्द झेडएफएस या डिस्कवर फायली ठेवायच्या प्रणालीत लावून बघा. तिथे पूल म्हणजे डिस्कांचे गट जोडून केलेली एकच जागा, आणि डेटा सगळ्या गटांवर पसरलेला. गटातली एखादी डिस्क गेली तर मिरर (डेटाची दुसरी प्रत) किंवा रेड-झेड (डेटा परत उभा करण्यापुरती जादा माहिती) सांभाळून घेतं. अख्खा गट गेला तर पूलच गेला. 'हौद' वाचून माणसाला वाटेल, थोडं पाणी गळालं असेल.

बॅक्युला या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये आणखी तिसरंच. एकाच मुदतीपर्यंत जपायच्या टेपा एका पूलमध्ये, म्हणजे सरळ 'गट'. कोऱ्या टेपांचा स्क्रॅच पूल वेगळा, लागेल तशी त्यातून उचलायची. तेव्हा आधी कुठल्या सॉफ्टवेअरचं भाषांतर आहे ते बघा, मग शब्द.

—

'गंगाजळी' कसा वाटतो?

—

शब्द देखणा आहे, पण गंगाजळीला सहसा हात लावत नाहीत. पूलमध्ये रोज रात्री ढवळाढवळ. राखीव ठेवलेल्या स्पेअर डिस्कला द्या हवं तर.

—

सर्व्हर रूममध्ये सगळे 'पूल फुल झाला' असंच म्हणतात, 'सामायिक साठा पूर्ण भरला' म्हणणारा मला अजून भेटायचाय. पूल ठेवा, फक्त त्याचं सामान्यरूप करू नका. 'पुलावर जागा नाही' म्हटलं की वाहतूक कोंडी. 'पूलमध्ये जागा नाही' म्हटलं की डिस्क. आपला पूल फारसीतून आलेला, तो मराठीत इतका मुरलाय की पुलाचा, पुलाखाली असा वाकतो. हा नवा अजून ताठ आहे, तेवढ्यावरून दोघे वेगळे ओळखू येतात.

—

हे सोपं पडेल. 'डिस्क पूल' ठेवतो, पहिल्यांदा येतो तिथे 'अनेक डिस्कांची सामायिक जागा' एवढा खुलासा, आणि सगळीकडचा 'पुलात' बदलून 'पूलमध्ये'. 'मायग्रेशन'ला 'स्थलांतर' लिहिलंय, त्याच्यापुढे समासात "पक्षी?" असं आलंय. ते वेगळं विचारतो.