लिमिटिंग रीएजंट: २८ ग्रॅम लोखंड का चुकतंय?

कळवा_अकरावी
मी कळव्याची, दहावीपर्यंत मराठी मिडियम, यंदा अकरावी सायन्सला. क्लासमधे गणित दिलंय, १० ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ४० ग्रॅम फेरिक ऑक्साइडची रिॲक्शन झाली तर लोखंड किती मिळेल. समीकरण असं:
फेरिक ऑक्साइड + २ ॲल्युमिनियम → ॲल्युमिनियम ऑक्साइड + २ लोखंड
मी मोल काढले (ग्रॅम भागिले एका मोलचं वजन), ॲल्युमिनियम १०/२७ म्हणजे ०.३७ आणि ऑक्साइड ४०/१६० म्हणजे ०.२५. ऑक्साइडचे मोल कमी म्हणून तेच आधी संपणार असं धरलं, मग लोखंड ०.५ मोल गुणिले ५६ म्हणजे २८ ग्रॅम. मागे उत्तर दिलंय २०.७. तीनदा केलं, तेच येतंय. उद्या टेस्ट आहे, नुसतं उत्तर नको, कुठे चुकतेय ते सांगा प्लीज.

वाशी_शिकवणी
अगं मोल अगदी बरोबर काढलेस, चूक त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. ०.३७ आणि ०.२५ हे आकडे तसेच एकमेकांशी ताडायचे नाहीत, कारण एका ऑक्साइडला ॲल्युमिनियम दोन लागतात. समज सायकलच्या दुकानात २५ हँडल आणि ३७ चाकं आहेत. हँडल कमी दिसतात, पण आधी संपतात ती चाकं, १८ सायकली झाल्या की एकच चाक उरतं आणि सात हँडल पडून राहतात. म्हणून प्रत्येकाचे मोल त्याच्या समोरच्या आकड्याने भाग, ०.३७/२ = ०.१८५ आणि ०.२५/१ = ०.२५, जो लहान तो लिमिटिंग, म्हणजे आधी संपणारा. इथे ॲल्युमिनियम. दोन ॲल्युमिनियमला दोन लोखंड, म्हणजे लोखंडही ०.३७ मोल, गुणिले ५६, २०.७ ग्रॅम.
आणि एक सवय लावून घे, शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज करायची. तुझ्या उत्तरात लोखंड २८, त्याच्याबरोबर ॲल्युमिनियम ऑक्साइड ०.२५ × १०२ = २५.५, झाले ५३.५ ग्रॅम. आपण घातले होते ५०. वरचे साडेतीन ग्रॅम आले कुठून?

रुळांवरचा_माणूस
कळव्यात राहतेस तर ही रिॲक्शन लांबून का होईना बघितली असशील. रात्रीच्या ब्लॉकमधे रुळांवर पांढरा झगझगीत उजेड दिसतो ना, तेच हे बऱ्याचदा, आम्ही एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग म्हणतो. मिश्रणाची पिशवी येते तिला पोर्शन म्हणतात, त्यात मुख्य लोहाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमच असतं (पोलादासाठी बाकी थोडं काही घालतात). पेटवलं की पातळ लोखंड तळाशी जातं, ॲल्युमिनियम ऑक्साइडची मळी हलकी म्हणून वर तरंगते, आणि लोखंड दोन रुळांच्या फटीतल्या साच्यात उतरतं. तुझ्या समीकरणातून ५४ ला १६० येतं, म्हणजे किलोभर ॲल्युमिनियमला जवळपास तीन किलो ऑक्साइड. तू घेतलंयस १० ला ४०, ऑक्साइड उरणारच.

कोपरखैरणे_केमिस्ट
वाशीच्या मॅडमनी बेरजेचं सांगितलं ते मनापासून पटलं. ठाणे-बेलापूर रोडवर एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली, सुरुवातीला एका बॅचचं यील्ड (कागदावरच्या हिशोबाच्या किती टक्के माल हाती आला ते) मी १०८ टक्के लिहिलं, आणि खूश होतो की काम छान झालं. साहेबांनी शीट परत माझ्यासमोर ठेवली, म्हणाले शंभराच्या वर जातंय म्हणजे वजनात दुसरं काहीतरी आहे. सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून द्रव वेगळा करणारं यंत्र) काढलेला केक, म्हणजे घट्ट माल, ओलाच तोलला होता, ड्रायरमधून आल्यावर तेच यील्ड ९१ वर आलं. तेव्हापासून कितीही घाई असली तरी एलओडी (लॉस ऑन ड्राइंग, वाळवल्यावर वजन किती घटतं ते) बघितल्याशिवाय यील्ड लिहिलं नाही. बेटा, कागदावर निघतं ते जास्तीत जास्त मिळू शकणारं वजन, प्रत्यक्षात हाती त्याहून कमीच येतं, फिल्टरला चिकटतं, थोडं रिॲक्टच होत नाही. परीक्षेत टक्के यील्ड विचारलं तर मिळालेलं भागिले कागदावरचं गुणिले १००, उलट भागू नकोस.

कळवा_अकरावी
मॅडम, काका, सगळ्यांना खूप थँक्यू!! स्वतः परत केलं. लोखंड २०.७४, ॲल्युमिनियम ऑक्साइड १८.८९, आणि फेरिक ऑक्साइड २९.६३ वापरलं गेलं म्हणजे १०.३७ उरलं. तिन्हींची बेरीज बरोबर ५०.