मदत हवी आहे: एक किलो अ‍ॅल्युमिनियममागे कोळसा किती?

राजापूर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनात आठवीच्या मुलांना एक किलोचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि शेजारी तेवढ्या धातूसाठी जळलेल्या कोळशाचा ढीग मांडायचाय. कल्पना त्यांचीच, मला फार आवडली. म्हणूनच आकडा चुकायला नको.

उदाहरण घेतलंय ओडिशातल्या अंगुलच्या नाल्को या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचं. तिथे स्मेल्टरसाठी, म्हणजे धातू काढायच्या कारखान्यासाठी, स्वतःचं १२०० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे. किलोभर धातूला साधारण १४ युनिट, युनिटला सुमारे ७०० ग्रॅम देशी कोळसा, म्हणजे जवळपास १० किलो. जयगडच्या वीज प्रकल्पातल्या ओळखीच्यांना विचारलं, पण तिथे आयात कोळसा. त्याचा उष्मांक जास्त, त्यामुळे तो हिशेब इथे लागू होत नाही.

अडलंय ते इथे: १४ युनिट ही फक्त विद्युत अपघटनाची, म्हणजे वीज सोडून अ‍ॅल्युमिनातून धातू वेगळा करायची वीज. केंद्रातले पंप, पंखे, कोळसा दळायच्या गिरण्या यांना लागणारी वीज आणि एसीची डीसी करतानाची घट वर धरायची ना? किती टक्के? (बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना करायचा कोळसा मुद्दाम बाजूला ठेवलाय, भंगारही धरलेलं नाही.)

स्मेल्टरच्या वीजकेंद्रात काम केलेलं कुणी असेल तर शनिवारच्या आत सांगाल का, ढीग १० किलोचा ठेवू की १२चा?