‘तिला थायरॉइड आहे’: घरातलं आजारपण आणि लोकांना सांगायच्या गोष्टी (अनुभव धागा)

माळ्यावरची
गणपतीची आरास काढायला माळ्यावर चढले आणि बाबांची वही हाती लागली. २०० पानी, वर झोकदार अक्षरात ‘पाणीपट्टी व इतर’. पाणीपट्टी दोनच पानं. पुढे १९९४ च्या जूनपासून रोज एक ओळ.
‘झोप ३ तास. पहाटे पुरण शिजवायला घेतलं. गोळी भांडून घेतली.’
‘झोप ५. बोलली नाही. अंघोळ केली.’
‘झोप ६. गोळी घेतली. भांडी घासली.’
मी तिथेच शिडीवर बसून वाचत राहिले. खालून नवरा विचारतोय, मखर मिळालं का.

आईला बायपोलर, म्हणजे कधी मन उधाणलेलं, कधी पार खचलेलं. तेव्हा हा शब्द घरात नव्हता, फाइलवर ‘एमडीपी’ हे जुनं नाव असायचं. आम्ही सदाशिव पेठेत, वाड्यात दोन खोल्यांत. बोलता बोलता कुणाला शिंक आली तर खालच्या बिऱ्हाडातून ‘सत्य आहे’ यायचं, अशा ठिकाणी लपवणार काय, कपाळ? तरी बाबांनी ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं तर ‘तिला थायरॉइड आहे’. लग्नाला का आली नाही, थायरॉइड. एवढी जाड कशी झाली, थायरॉइड. लक्ष्मी रोडवरून एका दुपारी उधारीवर ११ साड्या आणल्या, तेही थायरॉइडच. (आठ बाबांनी परत नेऊन दिल्या. उरलेल्या तीन आई अजून नेसते.)

गंमत म्हणजे लिथियम बरीच वर्षं घेतल्यावर तिला खरंच थायरॉइड झालं. त्या गोळीने होतं काहींना. रिपोर्ट बघून आई बाबांना म्हणाली, “घ्या, तुमचं खोटंसुद्धा खरं झालं. धर्मराजच तुम्ही.”

बाबा जाऊन ४ वर्षं झाली. आई ७६, ठणठणीत. तुमच्याकडे काय सांगायचे लोकांना? लिहा. सल्ले नकोत. (येणारच म्हणा, पुण्यात आहोत.)

नळस्टॉप
आमच्याकडे ‘तो मुंबईला असतो’. माझा भाऊ. मुंबईला कुठला, आतल्या खोलीत असायचा. पाहुणे आले की टीव्हीचा आवाज मोठा करायचा, हे माझं काम. स्किझोफ्रेनिया. वरच्या मजल्यावरचे लोक आपल्याबद्दल बोलतात असं त्याला ऐकू यायचं. आमच्यावर गच्ची होती.

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी झाला, तीन दिवस. त्याचं काही म्हणणं नाही, वडिलांना तेवढंच सुचत होतं. मग कुणीतरी धायरीच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं सांगितलं. ज्यांनी ती काढली त्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीलाच हा आजार होता, हे ऐकून आई यायला तयार झाली. तिथे नातेवाइकांची बैठक असते. आई पहिल्या दिवशी चकार शब्द बोलली नाही. निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, “तुमचा केवढा आहे?” शाळेच्या फाटकाबाहेर विचारतात ना, तसं. आई म्हणाली २६. त्या म्हणाल्या माझा ३१, काल स्वतःहून दाढी केली. आई रिक्षात बसली आणि स्वारगेटपर्यंत रडत होती.

आता त्याला महिन्याचं इंजेक्शन असतं, रोजच्या गोळीची कटकट गेली. पाहुणे आले की बाहेर येऊन बसतो. कुठे असतोस हल्ली विचारलं तर सांगतो मुंबईला. सवय.

गुलबकावली
😂😂 शेवटच्या वाक्याला हसू की रडू

औषधवाली
सल्ला नको म्हणालीस तरी देते, काउंटरवर २२ वर्षं काढलीत. लिथियम चालू असलेल्यांनी अंगदुखीसाठी मनाने ब्रुफेन वगैरे घेऊ नये, रक्तातली पातळी वाढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी वाढते. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला तर लगेच डॉक्टर. आणि तपासणीचं रक्त गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. अर्धे लोक गोळी घेऊन येतात आणि मग आकडा बघून घाबरतात. संपलं. दुकान उघडायचंय.

माळ्यावरची
@औषधवाली वहीत आहे हे! ‘उद्या रक्त. सकाळची गोळी नाही. दूध नासलं.’

सिंहगडरोडग्रस्त
माझं सांगतो, वय ४१. संध्याकाळी साडेसात, राजाराम पुलाजवळ गाडी अडकलेली. छातीत धडधड, हातांना मुंग्या, वाटलं संपलो. मागचा हॉर्न वाजवतोय. मरतानासुद्धा हा माणूस हॉर्न वाजवणार, हा शेवटचा विचार. ईसीजी नॉर्मल. घरी म्हणाले गॅस. दोन महिन्यांत असं चार वेळा. जिरं-ओवा इतका खाल्ला की घामाला वास यायला लागला. चौथ्या वेळी कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरणीने ईसीजी बाजूला ठेवला आणि विचारलं, “काका, झोप लागते का?” काका म्हणाली त्याचा राग आला, पण तिथेच बांध फुटला.

पॅनिक अटॅक. गोळ्या सुरू केल्यावर पहिले १५ दिवस उलट जास्त घाबरायला झालं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. फरक कळायला महिना गेला.

ऑफिसात बायकोने परस्पर सांगितलं, स्लिप डिस्क. अजून तिथे मला कुणी खुर्ची उचलू देत नाही.

गुलबकावली
त्या रस्त्यावर धडधड झाली नाही तर तपासून घ्यावं

अर्धा कप चहा
आमची गोष्ट वेगळी आहे पण सांगतेच. सासूबाई ८१, एकदम टकाटक. एका रात्री २ वाजता मला उठवलं, “मांडव पडलाय, आचारी आला नाही, तू जिलब्या तळायला घे.” नवऱ्याला ओळखेनात, ‘हे गुरुजी कोण’. सकाळी शेजारच्या काकू दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन हजर. आता गंमत ऐका. दवाखान्यात नेलं तर सोडियम ११४. असायला हवं १३५ च्या वर. बीपीची लघवी होणारी गोळी चालू आणि वर त्यांनी कुणाचं तरी ऐकून मीठ पूर्ण बंद केलेलं. डॉक्टर म्हणाले हळूहळू चढवावं लागतं, एकदम चढवलं तर मेंदूला धोका. चौथ्या दिवशी गुरुजींना म्हणाल्या, अरे तू दाढी का नाही केलीस.
म्हणजे काकू मीठच घेऊन आल्या होत्या, फक्त ओवाळलं, पोटात गेलं नाही.
म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं की वेड किंवा वय धरून बसू नका. लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असं करतं.

कुकर झाला, बाकी नंतर

डावा हात
नवऱ्याचं डायलिसिस. मंगळ-गुरू-शनी, ४ तास. ६ वर्षं. कुणाला काही खोटं सांगितलं नाही, खरं सांगूनही उपयोग नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं घेऊन येतो. पोटॅशियम! त्यांना शहाळं म्हणजे विष. पाणीसुद्धा मोजून. आमच्या फिश्चुलाच्या (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) हाताला, म्हणजे डाव्या, बीपीचा पट्टा लावू देत नाही आम्ही, नर्सशीही भांडतो. बटाट्यातलं पोटॅशियम जावं म्हणून तो चिरून पाण्यात ठेवून, ते पाणी ओतून, परत उकडून. त्याला चव काय राहणार. तरी हे म्हणतात छान झालाय.
शहाळी सगळी मी पिते. बाथरूममध्ये कडी लावून. त्यांना पाणी मोजून आणि मी त्यांच्यासमोर पिऊ कशी.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

माळ्यावरची
❤️ ताई

नळस्टॉप
@डावा हात काही सुचत नाहीये लिहायला. वाचलं.

तीनमजली
बाबांना पार्किन्सन्स. लोकांना ‘वय झालं’. ते दारात येऊन खिळतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. ओढलं तर पडतात. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत एका आजोबांनी युक्ती सांगितली, जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या मारा, एका पावलाच्या अंतराने. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं. खडूने करून बघितलं, खरंच चालले! मावशींनी फरशी पुसली, गेलं. दुसऱ्या दिवशी ‘लेफ्ट राइट लेफ्ट’ म्हटलं, त्यानेही चालतात, पण खालचे आजोबा विचारतात सकाळी कवायत कसली.
पुसली जाणार नाही अशी पट्टी कुठे मिळेल?

कट्ट्यावरचा
बोहरी आळी. गाडी नेऊ नका, जागा मिळेपर्यंत तुम्हालाच पार्किन्सन्स होईल (सॉरी)

तीनमजली
@कट्ट्यावरचा बाबांना वाचून दाखवलं, हसले 🙂 रुंद हवी का अरुंद?

कट्ट्यावरचा
दोन इंची घ्या. पिवळी. फरशी कुठल्या रंगाची आहे?

औषधवाली
आणि त्यांची लिव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास. डाळ-पनीर-दुधाबरोबर नीट लागू पडत नाही कित्येकांना. झालं, गेले.

रात्रपाळी
वाचतोय सगळं. मी २३. घरी कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि मलाच झालंय. मागच्या महिन्यात रात्री दीडला १४४१६ लावला, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या. ४० मिनिटं. मधेच विचारलं जेवलास का. नव्हतो जेवलो.

अर्धा कप चहा
@रात्रपाळी कुठे राहतोस रे? आमच्याकडे रोज पोळ्या जास्तच होतात. खरंच सांगते. मेसेज कर.

सिंहगडरोडग्रस्त
@रात्रपाळी घरी सांगायचं असेल तर आधी एकालाच सांग. मी बहिणीला सांगितलं होतं, बायकोला नंतर. बायको अजून त्यावरून ऐकवते, पण ते चालतं.

रात्रपाळी
@अर्धा कप चहा कर्वेनगर. केलाय मेसेज.

कागदपत्रे
अवांतर. मुलीला ॲडमिट केलं तेव्हा विमा कंपनीने ‘मानसिक आजार कव्हर नाही’ म्हणून क्लेम नाकारला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४), शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. कलम लिहून पत्र पाठवलं, दोन महिन्यांनी पैसे आले. पत्राचा मसुदा हवा असेल तर मागा. मुलगी बरी आहे, सध्या मांजर पाळायचं म्हणतेय, माझा विरोध आहे.

गुलबकावली
मांजर घ्या हो

नळस्टॉप
मांजर +१

माळ्यावरची
काल रात्री वही आईला दाखवली. दाखवू की नको असं चाललं होतं. तिने चष्मा लावून निवांत वाचली, मधे मधे ‘हॅ’ करत. ‘भांडी घासली’वर म्हणाली, “ह्यांनीच घासलेली, माझ्या नावावर लावलीत.” मग ‘झोप ६’, ‘झोप ६’ अशी ओळीने आठ-दहा पानं आली तिथे बोट ठेवून बसली. म्हणाली, “मी कुठली झोपते? डोळे मिटून पडायचे. मी झोपले असं वाटल्याशिवाय हे आडवे व्हायचे नाहीत. आणि सकाळी शाळा असायची ह्यांना.”

औषधवाली
म्हणजे डॉक्टरांना इतकी वर्षं चुकीचा आकडा जात होता!!
(दुकानात बसून रडतेय, गिऱ्हाईक बघतंय)

माळ्यावरची
@औषधवाली हेच बोलले तिला. म्हणाली, बरी झाले ना?

डावा हात
आज ह्यांना शहाळ्याचं सांगून टाकलं. म्हणाले माहितीये, मलई पण खात जा, नुसतं पाणी पिऊन टाकून देतेस.

तीनमजली
पिवळी पट्टी आणली, बेडरूम ते संडास मारली. बाबा बघून म्हणाले, “झेब्रा क्रॉसिंग केलंस, पण पुण्यात थांबणार कोण?” आणि न थांबता गेले.