त्रिमूर्तीनगर, नागपूर: वरच्या दोन खोल्या रोजच्या भाड्यानं द्यायच्या आहेत, परवानगी कुठून घ्यावी?

त्रिमूर्तीनगरची_ताई

नमस्कार. घर स्वतःचं आहे, खाली आम्ही दोघं राहतो. मुलगा पुण्याला गेला तेव्हापासून वरच्या दोन खोल्या बंद आहेत. मागच्या उन्हाळ्यात यवतमाळकडचं एक कुटुंब ओळखीतून आलं, अकरा दिवस राहिलं. आजीला मिहानच्या एम्समध्ये दाखवायचं होतं. आम्ही कूलर लावून दिला, सकाळी पोहे-चहा दिला. जाताना सूनबाईनं पैसे ठेवले. मी घेईना, तर म्हणाली, "लॉजवर दिलेच असते ना ताई, इथं आईला झोप तरी लागली." ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलंच नाही. अधिवेशन असो, जामठ्याला मॅच असो, लोक खोल्या शोधतच असतात.

म्हणून हे काम आता नीट कागदावर करायचं म्हणून राहिली आहे. आमचे हे वीज कंपनीतून निवृत्त झाले. घरगुती मीटरवर दुकान चालवणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर नोटिसा दिल्या. तशी नोटीस आपल्या दाराला लागली तर त्यांना सहन होणार नाही.

बेसाला आमचा एक टूबीएचके फ्लॅटही रिकामा आहे. तिथले सेक्रेटरी म्हणतात, रोजच्या भाड्यानं देता येणार नाही, दिला तर मेंटेनन्स दुप्पट. दोन्ही जागांना नियम एकच का?

धरमपेठचा_पाहुणचार

ताई, एकच नाही. मालक त्या घरात राहतो की नाही, पहिला प्रश्न तोच. राज्याच्या पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, केंद्राचीही तशीच आहे. केंद्राच्या योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. तुमच्या वरच्या खोल्या यात बसतात. बेसाचा कुलूपबंद फ्लॅट नाही बसत.

अर्जाच्या आधी घराचे कागद काढून बसा. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजचा असेल तर लीजडीडमध्ये वापर काय लिहिलाय ते शब्द न् शब्द वाचा. मनपाचा टॅक्स आणि वीज या दोन्हींचे दर निवासी वापराला वेगळे, व्यावसायिकला वेगळे. तिथं काकांना मी काय सांगणार!

आणि वही ठेवा. प्रत्येकाचं नाव, गाव, ओळखपत्राची प्रत, आल्या-गेल्याची वेळ. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. आम्ही अजून त्याला सी फॉर्मच म्हणतो. पहिल्या वर्षी पेंचहून एक जोडपं शनिवारी रात्री अकराला आलं. उद्या रविवार, सोमवारी भरू म्हणून मी झोपलो. चुकलं माझं, २४ तासांत रविवार धरलेला असतो. तेव्हापासून पासपोर्ट हातात आला की आधी फॉर्म, मग चहा.

हिशेबाची_वही

जीएसटीबद्दल विचारलं नाही तुम्ही, तरी सांगतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी लागत नाही. पण एखाद्या बुकिंग अ‍ॅपवरून पाहुणे घेतले आणि तुमची नोंदणी नसेल, तर त्या मुक्कामाचा जीएसटी अ‍ॅपवाल्यांनी भरायचा असतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. आयकराच्या विवरणात मात्र सगळं दाखवा, आणि रोख घेतली तरी पावती द्या.

बेसा_तिसरा_माळा

ताई, रागावू नका, पण तुमच्या सेक्रेटरींची बाजू सांगते. आमच्या वरचा फ्लॅट दोन वर्षं रोजच्या भाड्यानं जात होता. रात्री दोनला बॅगा ओढल्याचा आवाज, उन्हाळ्यात टाकी दुपारीच रिकामी. वॉचमनला विचारलं, वर कोण आहे, तर तो म्हणे, आज कोण ते माहीत नाही. माझी मुलगी एकटी लिफ्टनं यायला घाबरायची.

आता मेंटेनन्सचं. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर ना-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. दुप्पट कशावरून मागतात ते लेखी मागा. पण आपल्या नागपुरात कितीतरी इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथं इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र आणि त्यातले उपविधी, म्हणजे इमारतीचे नियम, चालतात. फ्लॅट कशासाठी वापरायचा हे घोषणापत्रात लिहिलेलं असतं. खरेदीखतासोबत प्रत मिळाली असेल, शोधा.

त्रिमूर्तीनगरची_ताई

रागावू कशी? तुमच्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं, हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. रात्री कपाट उपसलं, घोषणापत्र सापडलं. 'केवळ कौटुंबिक निवासासाठी' असंच लिहिलं आहे. सेक्रेटरींना सकाळी फोन करून सांगितलं, रोजच्या भाड्याचा विचार सोडला. फ्लॅट एखाद्या कुटुंबाला अकरा महिन्यांच्या करारानं देऊ.

वरच्या खोल्यांचा अर्ज मात्र करणारच. ह्यांनी वीज बिलांची फाइल काढून ठेवली आहे. लीजडीडमधलं एक पान फार पुसट झालंय, त्याची नक्कल घ्यायला सोमवारी जाऊन राहिलो. धरमपेठवाले भाऊ, तुमच्या वहीच्या एका कोऱ्या पानाचा फोटो टाकता का? तशीच आखून घेते.