ऊसतोडणीला मशीन पाहिजे का नको? माझं मत, पाहिजेच

शिरोळचा_ऊसवाला
दोन एकर ८६०३२ जातीचा ऊस, ऑक्टोबरची लागण, आणि तोड आली मार्चच्या शेवटी. म्हणजे सतरा महिने ऊस उभा. कारखान्याचा तोड ठरवणारा माणूस, त्या चिटबॉयच्या मागं दोन महिने फिरलो, रोज उद्या. शेवटी तोडणी मजुरांची टोळी आली तर खुशाली, म्हणजे वरचे पैसे, ठरवल्याशिवाय कोयता लावेना, वर ट्रॅक्टर ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे त्याचे पैसे, वेगळी. पाणी तोडून ठेवलेलं त्यामुळं ऊस वाळून वजन गेलं ते कोण भरून देणार? एक कोयता म्हणजे नवरा बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन, हार्वेस्टर दिवसात शंभर टनाच्या वर तोडतंय. २०२३ ला सरकारनं मशीनला ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख अनुदान ठेवलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं. वर्षागणिक टोळ्या कमीच व्हायला लागल्यात, पोरं आता या कामाला येत नाहीत, आपण किती दिवस वाट बघायची?

म्हशीवाली_कागल
दादा तुमची दोन एकर सलग असेल. आमची पंचवीस गुंठे, तीन बाजूला भाऊबंदांचा ऊस, मशीन आत येणार कुठनं आणि वळणार कुठं? दुसरं म्हणजे वाढं, उसाचा वरचा हिरवा शेंडा. टोळी आली की महिनाभर जनावरांना हिरवं मिळतं, दोन म्हशींचं भागतं. मशीन वरचा शेंडा कापून चुरा करून फडातच टाकतं. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांना हे कळायचं नाही.

करमाळा_हार्वेस्टर
माझं स्वतःचं मशीन आहे म्हणून सांगतो. नवीन मशीन कोटीच्या घरात जातं, त्याला फडातनं तोडलेला ऊस बाहेर आणणारा इनफिल्डर, दोन ऑपरेटर, ब्लेड, होज पाइप, डिझेल, आणि चालतं वर्षात चार महिने. बाकी आठ महिने शेडमधे उभं, हप्ता मात्र चालूच. अडचण काय आहे, लोकांच्या सऱ्या अडीच-तीन फुटी. मशीनला साडेचार-पाच फूट पाहिजे नाहीतर टायर बुडख्यावर चढतो आणि मग शेतकरी म्हणतो माझा खोडवा, म्हणजे बुडख्यातनं येणारं पुढचं पीक, फुटला नाही. लोळलेला ऊस, ओली काळी जमीन, सरीत दगड, ह्यात मशीन घालायचं म्हणजे दिवसभर दुरुस्तीच. लहान तुकड्यात तर तोडण्यापेक्षा वळण्यातच वेळ जातो. तरी मी म्हणेन हेच पुढं येणार, पण आधी सरी बदला मग मशीनला नावं ठेवा.

कृषी_पदवीधर_बारामती
शिरोळच्या दादांशी पूर्ण सहमत. मशीन बुडख्याला जमिनीलगत छाटतं, हाताने तोडताना जो खालचा कांडा राहतो त्यातच साखर जास्त असते. पाचट कुट्टी होऊन पसरतं, जाळायचा प्रश्न नाही, पाणी कमी लागतं. फक्त कांड्याचे तुकडे होतात म्हणून चोवीस तासात गाळप व्हायला हवं, नाहीतर साखर उतरते, ती जबाबदारी कारखान्याची. आणि माणुसकीच्या बाजूनेही बघा, २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. असलं काम माणसाने करूच नये.

वडवणीची_लेक
तो आकडा तुम्ही वाचलाय, माझी आई त्यात आहे. म्हणून बोलते. पहाटे तीनला उठून भाकरी करून फडात जायचं, पाळी असो नाहीतर पोटात लेकरू असो मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, एक खाडा पडला तर मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, पैसे कापतो. दुखलं तर डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. ह्याला कारण कोयता आहे का? कारण उचल आहे, म्हणजे आधी घेतलेले पैसे जे काम करून फेडायचे, खाडा आहे, फडावर संडास नाही पाणी नाही हे आहे. हे सगळं कमी पैशात सुधारता येतं, पण ते कोणी करत नाही आणि आमचं दुःख दाखवून आमचंच काम काढायचं म्हणता हे मला अजिबात पटत नाही.
जानेवारी २०२४ ला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती सुद्धा संपाची भाषा केल्यावर. मशीन आलं तर आमच्या गावानी काय करायचं? कोरडवाहू दोन एकर, कापूस नाहीतर सोयाबीन, पाऊस गेला की संपलं. ३५ लाख मशीनवाल्याला, आणि ज्यांचं काम गेलं त्यांना?

कृषी_पदवीधर_बारामती
ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, मी आकडा फार सहज टाकला, चूक झाली. पण काम टिकवायचं म्हणून पुढची पिढीही फडातच, हे पण नको ना?

वडवणीची_लेक
नकोच आहे. मी शिकले म्हणून इथं लिहितेय, आजीनं मला गावात ठेवून घेतलं म्हणून शिकले, भाऊ आईबापासोबत गेला त्याची शाळा दरवर्षी दिवाळीला सुटायची. तो आज ट्रॅक्टर चालवतो, हार्वेस्टर पण चालवेल, शिकवणार कोण? अनुदान द्यायचंच तर दहा कोयत्यांच्या टोळीला मिळून द्या, कारखान्याची हमी ठेवा, ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला त्यांच्याच पोरांच्या हातात मशीन द्या. मग माझा काही विरोध नाही.

करमाळा_हार्वेस्टर
हे बोलायला ठीक आहे ताई, पण दहा जणांच्या नावावर बँक कर्ज देत नाही, मी एकट्यानं काढताना जमीन तारण लागली. ऑपरेटरचं मात्र खरंय. चांगला ऑपरेटर मिळत नाही, माझे दोघंही परराज्यातले आहेत. तुमच्या भावाला पाठवा, हंगामात शिकवतो, पगार पहिल्या दिवसापासून.

शिरोळचा_ऊसवाला
मी खुशालीचा राग टोळीवर काढला, पण मुकादमाची उचल फेडायची म्हणून ते मागतात हे कधी डोक्यात घेतलं नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही. आमच्या बांधाला बांध लागून पाच जणांचं मिळून बारा एकर होतंय, सगळ्यांनी पाच फुटी सरी सोडायचं चाललंय, दोघं अजून तयार नाहीत. ह्या हंगामाला टोळीच सांगितलीय.

वडवणीची_लेक
टोळी सांगितलीय तर एक करा दादा. कोप्यांना, म्हणजे टोळीच्या झोपड्यांना, जागा विहिरीजवळ द्या, आणि बायकांसाठी पत्र्याचा आडोसा टोळी यायच्या आधीच उभा करा, नंतर कोणी करत नाही.