नेरूळमध्ये आरओ यंत्र घ्यावे का? कृपया सल्ला द्यावा

नेरूळकर :
रविवारी आमच्या सोसायटीत पाणी फुकट तपासून देतो म्हणून एका कंपनीचे दोन विक्रेते आले होते. त्यांनी एका पेल्यात आमच्या नळाचे आणि दुसऱ्यात आपल्या आरओ यंत्राचे, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेले, पाणी घेऊन दोन्हींत विजेच्या दांड्या बुडवल्या. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी होऊन त्यावर साका तरंगू लागला, त्यांचे पाणी मात्र नितळ राहिले. ते पाहून आई इतकी धास्तावली आहे की उकळलेले पाणीसुद्धा ती आता घशाखाली उतरवत नाही. यंत्र १८,५०० रुपयांचे असून वार्षिक देखभालीचा करार निराळा आहे. हे घ्यावे, की दुसरे एखादे सुचवाल?

वाशीची विज्ञानशिक्षिका :
आधी आईंची भीती घालवा. पेल्यातला तो साका पाण्यातला नव्हताच, तो दांड्यांचा होता. पाण्यातून वीज वाहू लागली की लोखंडी दांडी झिजते, लोखंड पाण्यात उतरते आणि गंजासारखा तपकिरी साका तयार होतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. आरओच्या पाण्यात ते फारच थोडे उरतात, म्हणून तिथे काही घडत नाही. पडताळा अगदी सोपा आहे. विक्रेत्यांना पुन्हा बोलवा, त्यांच्याच यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालायला सांगा आणि त्यात त्याच दांड्या बुडवा. तेही पाणी तसेच तपकिरी होईल. आठवीच्या मुलांना शिकवला जाणारा हा प्रयोग वडीलधाऱ्यांना घाबरवण्यासाठी वापरला जातो, याची मला मनापासून चीड येते.

आता यंत्राविषयी. नवी मुंबईला मोरबे धरणाचे, म्हणजे साठवलेल्या पावसाचे पाणी मिळते आणि ते भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन येते. अशा पाण्यात विरघळलेले क्षार मुळात कमी असतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार पिण्याच्या पाण्यात चालतात. काही शे रुपयांत टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर मिळतो, त्यावर स्वतः मोजा. आकडा याहून बराच कमी आला, तर आरओवर पैसे घालवू नका, कारण ते यंत्र गाळलेल्या प्रत्येक लिटरमागे त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते. माझ्या घरी यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) आणि यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी) असलेले साधे यंत्र आहे आणि तुम्हीही तेच घ्यावे. मात्र मीटरला जंतू दिसत नाहीत, त्यामुळे सोसायटीच्या टाक्या वेळच्या वेळी धुतल्या जातात का, हेही विचारा.

घोडबंदर रोडचा रहिवासी :
वरील सल्ला धरणाच्या पाण्यापुरता खरा आहे. आमच्याकडे ठाण्यात उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्यात पुष्कळदा बोअरचे पाणी असते. तेव्हा मे महिन्यातही एकदा मोजा. बोअरचे पाणी खरोखर खारे असेल, तरच आरओचा उपयोग आहे. देखभाल कराराबाबत मी स्वतः फसलो आहे. सर्व काही मोफत असे तोंडी सांगितले गेले, पण मेंब्रेन, म्हणजे आरओचा गाळणारा पडदा, बदलायची वेळ आली तेव्हा ते करारात धरलेलेच नाही असे उत्तर मिळाले. म्हणून मेंब्रेन, कँडल (गाळ अडवणारी गाळणी) आणि यूव्हीचा दिवा करारात आहेत का, ते लेखी घ्या. क्षार जपणाऱ्या टीडीएस कंट्रोलरचे पैसे मागितले, तर तो नेमके काय करतो ते विचारा: मेंब्रेनमधून न गेलेले थोडे पाणी तो पुन्हा गाळलेल्या पाण्यात मिसळतो.

ऐरोलीचा ग्राहक :
आगाऊ रक्कम दिली असेल आणि ते परत देत नसतील, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, त्यामुळे त्यांचे पत्रक जपून ठेवा.

नेरूळकर :
सर्वांचा आभारी आहे. रक्कम दिलेली नाही. काल मीटर आणला, आमच्या नळाच्या पाण्याचा आकडा ७४ आला. मिठाचा प्रयोग करायचा आहे असे फोनवर सांगताच विक्रेत्याने पुढच्या आठवड्यात पाहू म्हणून फोन ठेवला. आईने आज सकाळी उकळलेले पाणी घेतले. यूव्ही यंत्राचा दिवा साधारण किती दिवसांनी बदलावा लागतो, एवढे कोणी सांगू शकेल का?