कॉन्फरन्ससाठी कोलकात्याला चाललेय, सेशन सांभाळून शहर कसं बघू?

पळसफूल

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, एमएस्सी बॉटनी सेकंड इयर. जानेवारीच्या शेवटी कोलकात्याला एका नॅशनल कॉन्फरन्सला पोस्टर घेऊन जाऊन राहिली. वेन्यू साल्ट लेक सेक्टर फाइव्हच्या बाजूला, राहायची सोय त्यांच्याच गेस्ट हाऊसमध्ये. गीतांजली कन्फर्म आहे म्हणजे गुरुवारी दुपारी हावड्याला उतरणार, कॉन्फरन्स शुक्र-शनि-रवी, माझं पोस्टर शुक्रवारीच उरकतं, शनिवारी लंचनंतरचं सगळं मॉलिक्युलर आहे आणि माझं काम टॅक्सोनॉमीचं (झाडं ओळखून वर्गीकरण करायचं) त्यामुळे तिथं बसून मला फक्त झोप येणार, आणि रविवारी लंचनंतर व्हॅलेडिक्टरी म्हणजे समारोप. परतीची गाडी रविवारी रात्री हावड्याहूनच.

मॅडम सोबत नाहीत, एकटीच आहे. आईचं रोज एकच पालुपद की कुठं भटकू नको, बाबा म्हणतात व्हिक्टोरियासमोर फोटो काढून ये. नेटवर बघावं तर जिथं तिथं तीच ठिकाणं आणि सगळी एका दिवसात बघा म्हणतात, ते काही मला झेपणार नाही आणि मजाही येणार नाही. मला थोडंच बघायचंय पण नीट बघायचंय. जमेल तेवढं पायी किंवा मेट्रोने, कारण पैसे मोजकेच आहेत. कोणी राहिलंय का तिकडे? आणि खाण्याचं पण सांगा, मी अंडं खाते, मासे अजून खाल्ले नाहीत.

तर्री_पोहा

व्हॅलेडिक्टरी म्हणजे पाहुण्यांनी पाहुण्यांचे आभार मानायचे असतात, तिला कोण बसते बे. सर्टिफिकेट मेलवर येते आजकाल. रविवारी सकाळीच सटक तिथून.

गाईडचा_छळ

वरच्या सल्ल्यावर विसंबू नकोस. सगळे आयोजक मेल करत नाहीत, काही ठिकाणी सही केल्याशिवाय हातात देत नाहीत आणि डिपार्टमेंटला टीए (प्रवासखर्च) क्लेम करताना ते लागतंच. पहिल्याच दिवशी रजिस्ट्रेशन डेस्कवर विचार की सर्टिफिकेट कधी मिळेल, गाडी आहे म्हणून सांगितलं की बहुतेक वेळा रविवारी सकाळी देऊन टाकतात. आणि शनिवारचं सेशन बुडव पण चहाच्या ब्रेकपर्यंत थांब. पीएचडी करायची असेल तर लोक तिथेच भेटतात, खुर्चीत बसून कोणी भेटत नाही.

बी_गार्डनवाला

नोकरीनिमित्त काही वर्षं हावड्यात काढली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉटनीवाली मुलगी कोलकात्याला जाऊन व्हिक्टोरियाचा फोटो घेऊन परत येते म्हणजे काय! शिबपूरचं बोटॅनिकल गार्डन बघायलाच पाहिजे. नाव आता आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं आहे पण बसवाल्यांना 'बी गार्डन' म्हटलं तरच कळतं. १७८७ मध्ये रॉबर्ट किड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी सुरू केलेलं, १०९ हेक्टरचं आवार आहे, आणि तिथला तो प्रसिद्ध वड अडीचशे वर्षांच्या पुढचा. गंमत अशी की त्या वडाला मूळ खोडच नाहीये. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मार बसला, मग खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते कापून काढलं, आज जे उभं आहे ते सगळं पारंब्यांवर. बाहेरून बघितलं तर एक झाड वाटत नाही, बनच वाटतं. त्याच्याभोवती ३३० मीटरचा गोल रस्ता केला होता, झाड तोही ओलांडून पुढे गेलंय. कुंपणाजवळ उभी राहून एक एक पारंबी बघ, काही मनगटाएवढ्या आहेत, काही मिठी मारली तरी हाताला हात लागणार नाही अशा, आणि नव्या कोवळ्या पारंब्या जमिनीपर्यंत नीट याव्यात म्हणून बांबूच्या पोकळ नळीतून सोडतात ते माळीबुवांचं काम चालू असेल तर नक्की थांबून बघ.

बागेच्या आवारातच बोटॅनिकल सर्व्हेचं सेंट्रल नॅशनल हर्बेरियम आहे, वाळवलेल्या वनस्पतींचे वीस लाखांच्या आसपास नमुने. तिथे असंच घुसता येत नाही, पण तुमच्या एचओडींचं पत्र घेऊन आधी मेल टाकला तर कामाच्या दिवशी सोय होऊ शकते. तुला रविवारीच जमणार असल्यामुळे या खेपेला विसर. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग राहायचा तो बंगला बाहेरून तरी बघ. आपल्या तेंदूच्या शास्त्रीय नावापुढे तुम्ही 'रॉक्सब.' लिहिता ना, तोच हा. १७९३ ला इथे आला आणि इथल्या चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांवर चित्रं काढून घेतली. टॅक्सोनॉमीवालीने तिथं जाऊन नमस्कार करायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं. बी गार्डन नदीच्या हावडा बाजूलाच आहे, स्टेशनपासून आठेक किलोमीटर, त्यामुळे ते रविवारी बसव. सकाळी सामान घेऊनच निघ, मेट्रोने हावडा, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये (बॅगला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत), तिथून बी गार्डनची बस. पाचच्या सुमारास गार्ड शिट्ट्या मारायला लागतात म्हणून दुपारपर्यंत तरी आत पोच. परत ये, जेव, गाडीत बस. शहर ओलांडायची गरजच नाही.

पळसफूल

बी_गार्डनवाला दादा, हे भारीच. मूळ खोड नाही हे पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं पण १९२५ ला कापलं हे नव्हतं माहीत. पण सेक्टर फाइव्ह ते हावडा मेट्रो आहे का? मला कोणी सांगितलं की मध्ये तुटक आहे, दोनदा बदलावी लागते.

बी_गार्डनवाला

आधी होती तुटक. ऑगस्ट २०२५ पासून ग्रीन लाइन सलग झाली, सेक्टर फाइव्हला बसायचं आणि थेट हावडा, मध्ये हुगळीच्या खालून जाते. नदीखालचा भाग जेमतेम पाऊण मिनिटाचा, निळे दिवे लावलेत, तेवढ्यात लोक मोबाइल काढतात आणि नदी संपते. येताना गुरुवारीही हीच घे, टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात अडकू नकोस.

फक्त एक, गुरुवारी सामान गेस्ट हाऊसला टाकून संध्याकाळी परत हावड्याला येण्याचा उत्साह असेल तर लाँचने, म्हणजे फेरीबोटीने, नदी पार कर. तिकीट अगदी किरकोळ आहे, आणि हावडा ब्रिज बघायचा तर तो पाण्यातूनच, वर उभं राहिलं की नुसतं ट्रॅफिक. १९४३ चा पूल, नटबोल्ट नाही, सगळे रिव्हेट. पुलाच्या कोलकाता बाजूला खालीच मल्लिक घाटाचा फुलबाजार, झेंडूच्या केशरी माळांची वेटोळी डोक्यावर घेऊन माणसं पळत असतात, मध्ये उभी राहू नकोस, धक्का लागला की वर ऐकूनही घ्यावं लागतं. खरा बाजार पहाटेचा, पण संध्याकाळीही चालू असतो.

पाटी_पेन्सिल

बागेचं ठीक आहे पण शनिवारी म्युझियम सोडू नकोस. इंडियन म्युझियम, १८१४ चं, आणि ते सुरू करणारा नॅथॅनियल वॉलिक हा पण बॉटनीवालाच, डॅनिश. सोमवारी बंद असतं, तुला प्रश्न नाही. लोक ममी बघायला पळतात, तू आधी भारहुतच्या दालनात जा. सतनाजवळच्या स्तूपाचा लाल दगडाचा कठडा, दोन हजार वर्षांहून जुना. त्यात बुद्ध माणसाच्या रूपात कुठेच नाही, त्याच्या जागी झाड दाखवतात, आणि आधीच्या प्रत्येक बुद्धाचं झाड वेगळं. पाडळ, साल, शिरीष, उंबर, वड, आणि गौतमाचा पिंपळ. खाली ब्राह्मीत नावं कोरलेली आहेत पण तुला नावं वाचायची गरज पडणार नाही, पानावरून ओळखशील. उंबराला फळं खोडाला लगडलेली, शिरीषाची पानं बारीक. मी आर्ट्सची, मला काही कळेना, सोबत एक फॉरेस्टवाला मित्र होता तो बोट दाखवून सांगत होता आणि मी थक्क. सेक्टर फाइव्हहून एस्प्लेनेड, तिथे ब्लू लाइन बदलून पुढचंच स्टेशन पार्क स्ट्रीट, तिथून चालत. ही ब्लू लाइन म्हणजे देशातली पहिली मेट्रो बरं का, १९८४ ची.

तर्री_पोहा

म्युझियममध्ये दगड कोण पाहते, कॉलेज स्ट्रीटला जा. जुनी पुस्तकं किलोच्या भावात.

पाटी_पेन्सिल

@तर्री_पोहा किलोच्या भावात काही नाही मिळत, घासाघीस करावी लागते आणि समोरचा बंगाली मधे हिंदी मधे इंग्लिश बोलून तुम्हालाच गुंडाळतो. पण जा जरूर. फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच जावं लागेल, म्हणजे म्युझियम की कॉलेज स्ट्रीट असा प्रश्न येतो. मी तरी म्युझियमच म्हणेन. पुस्तकंच हवी असतील तर तुझ्या तारखांना बहुतेक बुक फेअर असेल, ती भरते साल्ट लेकलाच, करुणामयी स्टेशनला, तुझ्या वेन्यूपासून पलीकडे. शुक्रवारी पोस्टर झाल्यावर संध्याकाळी चक्कर मार. गर्दी मात्र आपल्या गणपतीसारखी.

मोडीवाला

थोडं अवांतर, पण नागपूरकर म्हणून सांगतो. कोलकात्यात आपली एक खूण आहे, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची. रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर १७४२ ला बंगालात शिरले तेव्हा घाबरून इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. सातेक मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला आणि मराठे काही शहरापर्यंत आलेच नाहीत. १७४४ ला बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने बोलणी करायला बोलावून भास्करपंतांना मारलं, पुढे १७५१ ला वर्षाला बारा लाख चौथाईवर तह झाला. खंदक १७९९ ला बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड केला. आज वरचा भाग आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि खालचा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. बागबाजारला मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे.

आणि बॉटनीचा धागा असा की जगदीशचंद्र बोसांचं घर आणि त्यांनी १९१७ ला काढलेल्या बोस इन्स्टिट्यूटची जुनी इमारत याच प्रफुल्लचंद्र रोडला आहे. झाडाची मिलिमीटरच्याही बारीक अंशातली वाढ मोजणारं क्रेस्कोग्राफ त्यांचंच. सियालदह स्टेशनला उतर, तेही ग्रीन लाइनवरच, रस्त्याने उत्तरेकडे चालत जा.

तर्री_पोहा

म्हणजे आपल्या भीतीने खणलेला खंदक! जय हो. पोस्टरवरच छाप बे हे.

मोडीवाला

छाती फुगवायचं काम नाही भाऊ. त्या स्वाऱ्यांत गावंच्या गावं जाळली आणि लुटली गेली, बंगालात अजून लहान पोरांना झोपवताना आपल्याच लोकांची भीती घालतात. तिथे कोणी महाराष्ट्र म्हटल्यावर हा विषय काढला तर ऐकून घ्यायचं, आपण मात्र काढू नये.

हाजरा_रोडची_मावशी

माझं सासर तिकडचं, बंगाली कुटुंब. खाण्याचं कोणीच लिहीना म्हणून लिहिते.

सकाळी कचुरी आणि आलूर दम. कचुरी म्हणजे आपली कोरडी नाही, फुगलेली मऊ पुरी, आत डाळीचं सारण. बटाट्याची भाजी किंचित गोड लागेल, नागपूरच्या जिभेला सगळंच गोड लागणार आहे, तयारी ठेव. मासे नको असतील तर 'निरामिष' म्हण, पण निरामिष म्हणजे कांदा-लसूणही नसतं. अंडं चालतं ना, मग एग रोल खा, रस्त्यावर जाड तव्यावर पराठ्याला अंडं चिकटवून देतात, आणि बिर्याणीत अख्खा बटाटा येतो तो बाजूला काढू नकोस, तेच खायचं असतं. पुचका आपल्या पाणीपुरीपेक्षा वेगळा. रगडा नाही, गोड चटणी नाही, उकडलेला बटाटा आणि चणे मिरची घालून तुझ्यासमोर हाताने कुस्करतो, पाणी चिंचेचं, वर गंधराज लिंबू असेल तर वासानेच थांबशील. पानाच्या द्रोणात एकेक देतो. संपल्यावर 'फाउ' मागायचा, म्हणजे फुकटचा एक, सगळे मागतात, लाजू नकोस. थंडीत जाते आहेस म्हणजे नोलेन गूर मिळणार, खजुराच्या रसाचा नवा गूळ. त्याचा संदेश खा पण नागपूरपर्यंत आणू नकोस, खराब होतो. आईबाबांना डब्यातला रसगुल्ला ने.

कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसला गेलीस तर इन्फ्युजन मागव, ती काळी कॉफी. वेटर डोक्याला तुरेवाला फेटा बांधून असतात आणि अजिबात घाईत नसतात. जागा शोधून आपणच बसायचं.

आणि आईला सांग, मुलगी एकटी म्हणून मेट्रोत किंवा गर्दीच्या रस्त्यावर तिकडे फारसं कोणी बघत नाही. बसमध्ये बायकांच्या सीट वेगळ्या असतात, हक्काने उठवायचं. ऑटो आपल्यासारखा म्हणाल तिथे नेत नाही, ठरलेल्या रूटवर शेअर चालतो, सुटे पैसे ठेव नाहीतर ऑटोवाला सगळ्यांदेखत झापतो. रात्री उशीर झाला तर ॲपची कॅब. काही अडलं तर हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, मराठी माणसं भेटतील.

पळसफूल

मंडळी, खूप खूप आभार. ठरलं असं: गुरुवारी लाँच आणि फुलबाजार, शुक्रवारी बुक फेअर, शनिवारी चहाच्या ब्रेकनंतर म्युझियम गाठून उशीर होईल असं वाटतंय म्हणून गाईडचा_छळ यांची माफी मागून लंचलाच निघते, भारहुतची झाडं बघायचीच आहेत. कॉलेज स्ट्रीट आणि बोसांचं घर राहिलं, राहू दे. रविवारी बी गार्डन. व्हिक्टोरियाचं बाबांना काय सांगायचं बघते.

शेवटचा प्रश्न, पोस्टरची ती लांब ट्यूब घेऊन शुक्रवारनंतर फिरायचं कसं? गाडीत पण कुठं ठेवायची?

गाईडचा_छळ

माफ केलं. पण शुक्रवारी तरी ब्रेकमध्ये दोन-चार जणांशी बोल. आणि ट्यूब कशाला, कापडावर प्रिंट काढ. सीताबर्डीला फ्लेक्सवाले करून देतात, घडी घालून सॅकमध्ये टाकायचं, सुरकुत्या पडल्या तर गेस्ट हाऊसवाल्याकडून इस्त्री माग. उलट्या बाजूने फिरव, सरळ फिरवलीस तर शाई इस्त्रीला चिकटते.